पायांची स्वरलिपि

पाश्चात्य वाद्यवृंदांत हार्प हें वाद्य दुरूनहि ओळखूं येतें. सुमारें ६ फूट उंचीचा खांब, त्याच्या माथ्यावरून वळण घेत मागें आलेली मान, त्या मानेपासून खालच्या तिरप्या पेटीपर्यंत ताणलेल्या ४७ तारा आणि तारांच्या दोन्ही बाजूंनीं फिरणारे वादकाचे हात, एवढें प्रेक्षकांस दिसतें. पायांचें काम त्यांस दिसत नाहीं. वाद्याच्या तळाशीं वादकाचीं दोन्ही पाउलें एका दांड्यावरून दुसऱ्या दांड्यावर सारखीं जात असतात. हात जो स्वर काढणार, तो तारेवर आधीं तयार करून ठेवण्याचें काम त्या पायांकडे असतें. हाताची चूक एका स्वरापुरती असते. पायाची चूक त्या नांवाच्या प्रत्येक तारेवर उमटते.

हातांनीं काय वाजवावें हें लिहून ठेवण्याची विद्या युरोपांत शेंकडों वर्षांची जुनी आहे. पायांनीं काय करावें हें लिहिण्याची विद्या त्या मानानें तरुण. आणि ती विद्या संगणकाला शिकवण्याचा उद्योग तर अगदीं अलीकडचा. या लहानशा विद्येची हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें करून दाखवावयाचें असतें, तेथें लिहिणाराची जबाबदारी कोठपर्यंत पोहोंचते, हा प्रश्न तींत दडलेला आहे.

हार्पचें तत्त्व मराठी श्रोत्यास समजावयाला स्वरमंडळाची आठवण पुरेशी आहे. गवई स्वरमंडळ मांडीवर घेतो, रागाला लागणारे स्वर किल्लीनें तारांवर मिळवून ठेवतो, आणि मग बोटें फिरवलीं कीं त्या रागाचेच स्वर झरूं लागतात. रागाबाहेरचा स्वर त्यांत येऊंच शकत नाहीं. हार्पचेंहि असेंच आहे. प्रत्येक सप्तकांत तारा सातच : सी, डी, ई, एफ, जी, ए आणि बी. बाजाच्या पेटीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्यें काळ्या पट्ट्या असतात, तशा मधल्या स्वरांच्या निराळ्या तारा हार्पवर नसतात. सातच नांवें असल्यानें वादकास वाट चुकूं नये म्हणून सीच्या तारा तांबड्या व एफच्या तारा काळ्या रंगाच्या करतात, बाकीच्या साध्या.

परंतु गवई एक राग आटोपल्यावर सावकाश दुसरा राग मिळवूं शकतो. पाश्चात्य रचनेंत स्वरांची घडी चीज चालू असतांनाच बदलते, आणि पुष्कळदां एका मिनिटांत अनेक वेळां बदलते. त्या वेळीं थांबून किल्ली हातांत घेण्यास सवड कोठून मिळणार? म्हणून हें काम पायांकडे आलें. बव्हेरियांतील डोनाउवर्थ येथील याकोब होखब्रुकर या कारागिरानें १७२० च्या सुमारास हार्पला पेडलें बसविलीं असें मानतात. एक पेडल दाबलें कीं त्या नांवाच्या सर्व सप्तकांतल्या तारा एकदम अर्ध्या स्वरानें चढत. पण त्या वाद्यांत प्रत्येक तारेस दोनच स्वर मिळत, त्यामुळें कांहीं स्वरघड्या हाताशीं येत व कांहीं येत नसत. मोझार्टनें १७७८ मध्यें पॅरिस येथें बांसरी व हार्प यांसाठीं जी प्रसिद्ध रचना केली, ती अशाच मर्यादित वाद्यासाठीं होती.

ही मर्यादा सेबास्तियाँ एरार यानें दूर केली. स्ट्रासबुर्ग येथें १७५२ मध्यें जन्मलेल्या या कारागिरानें १८१० मध्यें लंडन येथें दुहेरी क्रियेच्या हार्पचें पेटंट घेतलें. त्याची युक्ति आजहि बहुतेक तशीच वापरांत आहे. तळाच्या पेटींतील पेडलापासून एक सळई पोकळ खांबांतून वर मानेपर्यंत जाते. मानेवर प्रत्येक तारेच्या वाटेंत दोन लहान चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीवर दोन खुंट्या असतात. पेडल अगदीं वर असलें म्हणजे तार दोन्ही चकत्यांमधून मोकळी जाते. तो स्वर कोमल. पेडल मधल्या खांचेंत आणलें कीं वरची चकती फिरते, तिच्या खुंट्या तारेला आंवळतात, वाजणारी तार तेवढी आंखूड होते आणि स्वर शुद्ध होतो. पेडल तळाच्या खांचेंत ढकललें कीं खालचीहि चकती फिरते व स्वर तीव्र होतो. सात पेडलें आणि प्रत्येकाच्या तीन जागा, असा हिशेब केला तर एकंदर २१८७ निरनिराळ्या जुळण्या निघतात. यांपैकीं कोणती जुळणी केव्हां हवी, हेंच लिहून ठेवावयाचें असतें.

तें कसें लिहितात हें कळण्यासाठीं श्रोत्यांनीं क्षणभर कागद व पेन्सिल जवळ घ्यावी. चार बोटें लांबीची एक आडवी रेघ ओढावी. तिला छेदणारी एक लांब उभी रेघ अशी काढावी कीं डावीकडे तीन खुणांना व उजवीकडे चार खुणांना जागा राहील. ही उभी रेघ म्हणजे वादकाच्या दोन पायांमधली हद्द. डाव्या पायाकडे तीन पेडलें असतात. डावीकडून त्यांचा क्रम डी, सी, बी. उजव्या पायाकडे चार असतात. त्यांचा क्रम ई, एफ, जी, ए. आतां प्रत्येक पेडलासाठीं एक आंखूड उभी रेघ काढावयाची. पेडल वर असेल तर ती आडव्या रेघेच्या वर, मधल्या खांचेंत असेल तर आडव्या रेघेवरच, आणि तळाशीं असेल तर रेघेच्या खालीं. सातहि खुणा रेघेवर काढल्या तर सातहि स्वर शुद्ध झाले. ही पेडलांची आकृति. तिच्याशीं कार्लोस साल्झेडो याचें नांव जोडलें जातें. फ्रान्समध्यें १८८५ सालीं जन्मलेला आणि पुढें अमेरिकेंत कीर्ति मिळविलेला हा हार्पवादक होता. १९२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें या वाद्याच्या अनेक नव्या ध्वनींना खुणा ठरवून दिल्या. १९६१ मध्यें तो वारला.

या आकृतींत एक गोष्ट नवशिक्यास हमखास फसवते. खूण रेघेच्या वर असेल तर स्वर उतरलेला असतो. खूण खालीं असेल तर स्वर चढलेला असतो. भातखंडे यांच्या स्वरलिपींत कोमल स्वराच्या खालीं आडवी रेघ देतात आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ देतात. उतरलेल्यास खालची खूण, चढलेल्यास वरची खूण, हें कानाला धरून आहे. हार्पची आकृति याच्या अगदीं उलट दिसते. परंतु ती उलट नाहीं. ती ध्वनि दाखवीतच नाहीं. पाऊल कोठें आहे तें दाखविते. सामान्य स्वरलिपि काय ऐकूं यावें तें सांगते. ही लिपि वादकाच्या शरीरानें काय करावें तें सांगते. हा भेद ज्यानें मनांत पक्का केला, त्याला पुढचें सर्व सोपें जातें.

या लिपीचा उपयोग एका उदाहरणानें स्पष्ट होईल. तारांवरून बोट एका दमांत सरकवीत नेणें, ज्याला ग्लिसांडो म्हणतात, ती हार्पची मोठी शोभा आहे. समजा, भूप रागाच्या स्वरांचा असा झोत हवा आहे. सी हा षड्ज धरला तर सी, डी, ई, जी आणि ए हे पांच स्वर झाले. मध्यम व निषाद वर्ज्य. पण बोट सरकतांना एफ व बी यांच्या तारा टाळतां येत नाहींत. यावर उपाय असा कीं एफचें पेडल वर ठेवावें; एफ कोमल झाला म्हणजे तो ईच्याच स्वरांत बोलतो. बीचें पेडल तळाशीं न्यावें. बी तीव्र झाला म्हणजे तो सीच्या स्वरांत बोलतो. आतां बोट कसेंहि फिरवलें तरी भूपाबाहेरचा स्वर निघणार नाहीं. कागदावरील आकृतींत पांच खुणा रेघेवर, एफची खूण वर आणि बीची खाली, एवढाच बदल झाला. हेंच शब्दांनीं सांगावयाचें तर दोन वाक्यें खर्चीं पडतात; आकृति पाहून वादकाचे पाय एका दृष्टिक्षेपांत जागेवर जातात.

एकच स्वर दोन तारांवर मिळण्याची ही सोय सप्तकांतील १२ स्वरांपैकीं ९ स्वरांना आहे. शुद्ध डी, शुद्ध जी आणि शुद्ध ए हे तीन स्वर मात्र ज्याच्या त्याच्या तारेवरच मिळतात. वादक या गोष्टींचा उपयोग फार चतुराईनें करतात. एकाच स्वराच्या दोन तारा आळीपाळीनें हळुवार छेडल्या म्हणजे कुजबुजल्यासारखा नाद निघतो. परंतु हीच गोष्ट लिहिणारास अडचणीचीहि होते; कारण पियानोवर एकच पट्टी असलेला स्वर हार्पवर कोणत्या नांवानें लिहिला, यावर तो वाजेल कीं नाहीं हें ठरतें.

आकृतीशिवाय दुसरी एक रीत आहे. गीताच्या आरंभीं पूर्ण आकृति द्यावयाची आणि पुढें जेथें एखादेंच पेडल बदलावयाचें असेल, तेथें त्या स्वराचें अक्षर व त्याची कोमल, शुद्ध अथवा तीव्र ही खूण तेवढी लिहावयाची. दोन पायांनीं एकदम दोन पेडलें बदलावयाचीं असलीं तर उजव्या पायाचें अक्षर वर व डाव्या पायाचें खालीं लिहितात. पूर्ण आकृति सबंध स्थिति सांगते. अक्षर फक्त झालेला बदल सांगतें. लांबलचक रचनेच्या मध्येंच तालीम सुरू करावयाची असते, तेव्हां केवळ अक्षरांनीं भागत नाहीं. मागचीं चार पानें उलटून कोणतें पेडल शेवटीं कोठें राहिलें याचा शोध घ्यावा लागतो. म्हणून चांगले लेखक महत्त्वाच्या ठिकाणीं पुन्हां पूर्ण आकृति देतात.

पायांचा हा व्याप मुळांतच नको, असें म्हणणारेहि झाले. पॅरिसच्या प्लेयेल या प्रसिद्ध कारखान्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेडलें नसलेली, बाराहि स्वरांच्या निराळ्या तारा असलेली हार्प बाजारांत आणली. तिच्यासाठीं क्लोद देब्युसी याच्याकडून रचना करून घेतली. ती १९०४ सालची. तेव्हां एरारच्या कारखान्यानें आपल्या पेडलांच्या हार्पसाठीं मोरिस राव्हेल याच्याकडून रचना करविली. ती १९०५ सालची. दोन कारखान्यांच्या चुरशींतून जगाला दोन सुंदर रचना मिळाल्या. पुढें पेडलांची हार्पच टिकली, आणि देब्युसीची ती रचनाहि आज बहुधा तिच्यावरच वाजवितात. म्हणजे वादकांनीं पायांचा व्याप पत्करला, आणि त्याबरोबर पायांच्या लिपीचाहि.

आतां संगणकाकडे वळूं. आजचे बहुतेक रचनाकार आपली रचना संगणकावर, स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्यानें लिहितात. त्यांतील एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. संगणकावर एखादी खूण उमटणें आणि संगणकाला त्या खुणेचा अर्थ कळणें, या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ वर्षें पहिलीच गोष्ट शक्य होती. लेखक बारीक रेघा जुळवून आकृति काढीत, किंवा खास खुणांचा टंक वापरून ती अक्षरांसारखी लिहीत. लिलीपाँड या विनामूल्य प्रणालींत ही आकृति साध्या चिन्हांनीं सांगतां येते : पेडल वर असेल तर टोपीसारखें चिन्ह, मध्यें असेल तर आडवी रेघ, खालीं असेल तर इंग्रजी व्ही हें अक्षर, आणि दोन पायांच्या हद्दीसाठीं उभी रेघ. त्यावरून छापील आकृति सुबक उमटते. पण त्या आकृतीचा खालच्या स्वरांशीं मेळ आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें काम लिहिणाराचें.

पुढें खुणांना एक सामाईक घर मिळालें. २०१३ मध्यें स्टाइनबर्ग या कंपनींतील डॅनियल स्प्रेडबरी यांनीं स्मफल नांवाची एक योजना पुढें मांडली. स्वरलेखनाच्या प्रत्येक खुणेला टंकामध्यें ठराविक क्रमांक असावा, म्हणजे एका टंकाच्या जागीं दुसरा टंक घेतला तरी खुणांची अदलाबदल होऊं नये, असा तिचा हेतु. त्यांत हार्पचें वर असलेलें पेडल, मधलें पेडल, खालचें पेडल आणि मधली हद्द यांना स्वतंत्र जागा मिळाल्या. तसेंच निरनिराळ्या प्रणालींमध्यें रचनांची देवघेव ज्या म्यूझिक-एक्सएमएल या पद्धतीनें होते, तिच्यांतहि हार्पच्या सात पेडलांची स्थिति लिहिण्याची तरतूद आहे, आणि पेडलें वादकाच्या पायाखालील क्रमानेंच मांडावींत अशी तिची सूचना आहे.

अर्थ कळण्याची पायरी त्यानंतर आली. स्टाइनबर्गच्याच डोरिको या प्रणालीच्या २०१९ मधील तिसऱ्या आवृत्तींत पेडलांची जुळणी ही केवळ चित्र राहिली नाहीं. एकदां जुळणी सांगितली कीं पुढचा बदल येईपर्यंत ती लागू आहे असें संगणक धरून चालतो, आणि त्या जुळणींत न बसणारा स्वर लिहिला गेला तर तो निराळ्या रंगांत दाखवूं शकतो. लिहिलेल्या स्वरांवरून कोणती जुळणी हवी याचा हिशेबहि तो सांगितल्यास करून देतो. आकृति हवी कीं अक्षरें हवींत, हें लेखकास निवडतां येतें. संचालकाच्या मोठ्या प्रतींत या खुणांची गरज नसते, म्हणून तेथें त्या झांकून ठेवून वादकाच्या प्रतींत तेवढ्या छापतां येतात. २०२३ मध्यें म्यूझस्कोर या विनामूल्य प्रणालीच्या ४.१ या आवृत्तींतहि पेडलांची आकृति आली. बोटाच्या एका खुणेनें पेडल वर, मध्यें किंवा खालीं करतां येतें. आधींच्या जुळणीपेक्षां जें बदललें तेवढेंच अक्षरांत दाखवितां येतें. आणि ग्लिसांडो ऐकावयाचा असेल तर संगणक पेडलांच्या जुळणीप्रमाणेंच तो वाजवून दाखवितो. वर सांगितलेला भूपाचा झोत आज कोणाहि विद्यार्थ्याला घरबसल्या ऐकून पाहतां येईल.

याचें महत्त्व कळण्यासाठीं एक प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. एखादा तरुण रचनाकार रात्रीं जागून संगणकावर वाद्यवृंदाची रचना पुरी करतो. हार्पच्या ओळींत त्यानें डाव्या हातास शुद्ध सी व उजव्या हातास त्याच क्षणीं तीव्र सी दिला आहे. संगणक तें बिनबोभाट वाजवून दाखवितो. कारण संगणकाला ना तारा आहेत, ना पाय. रचनाकार समाधानानें झोंपी जातो. तालमीच्या दिवशीं साठ-सत्तर वादक जमतात, संचालक कांडी उचलतो, आणि त्या ओळीपाशीं हार्प अडते. सीचें पेडल एकच. सर्व सप्तकांतल्या सी तारा तें एकदमच शुद्ध किंवा एकदमच तीव्र करणार. लिहिलेलें वाजणें अशक्य आहे. सर्वांच्या माना हार्पकडे वळतात. चूक कागदावरची असते. संकोच वादकाला वाटतो.

अनुभवी वादक अशा वेळीं वाद घालीत नाहीं. तो पेन्सिल घेतो, तीव्र सीच्या जागीं कोमल डी लिहितो, म्हणजे निराळ्या तारेवर तोच स्वर मिळतो, आणि पुढें जातो. पण पुढच्याच मात्रेला शुद्ध डी हवा असेल तर डीचें पेडल लगेच हलवावें लागणार. त्याच क्षणीं बीचेंहि पेडल बदलावयाचें असेल तर अडचण वाढली. कारण डी आणि बी हीं दोन्ही डाव्या पायाच्या बाजूचीं, आणि दोघांच्या मध्यें सी. मग त्यांतील एक आधींच केव्हांतरी, त्याची तार वाजत नसतांना, बदलून ठेवावें लागतें. तार घुमत असतांना पेडल हलवलें तर स्वर घसरतो किंवा तारेंतून खरखर निघते. असे दहा-वीस विचार करून वादक एकेक ओळ वाजवण्याजोगी करतो. हार्पवादकांच्या घरीं त्यांच्या प्रतींवर पेन्सिलीनें केलेल्या ज्या दाट खुणा दिसतात, तें हें श्रवणांत न येणारें काम होय. त्याबद्दल सभागृहांत टाळी पडत नाहीं.

नव्या प्रणालींनीं या कामाचा कांहीं भाग लिहिणाराच्या टेबलावर परत आणून ठेवला, हा त्यांचा खरा उपकार. एकाच वेळीं दोन सी लिहिले तर आतां रात्रींच, एकांतांत, रंग बदललेला दिसतो. तालमीपर्यंत वाट पाहावी लागत नाहीं. परंतु एवढ्यावरून संगणकाला हार्प समजली असें मानणें चुकीचें ठरेल. जुळणी शक्य आहे एवढें त्याला सांगतां येतें. ती त्या लयींत, त्या पायाला, त्या क्षणीं सुखानें करतां येईल कीं नाहीं, हा विवेक त्याच्या हिशेबाबाहेर राहतो. ४७ तारांच्या हार्पवर अगदीं तळाच्या सी व डी या दोन तारांना चकत्या नसतात. त्या पेडलांनीं बदलत नाहींत, वाजवण्यापूर्वीं किल्लीनें मिळवून ठेवाव्या लागतात. त्यांच्यावर निराळा स्वर हवा असेल तर तशी सूचना आरंभींच शब्दांनीं लिहिली पाहिजे. अशी सूचना लिहिण्याची आठवण लेखकालाच असावी लागते.

पेडलें नसलेल्या लहान हार्पची गोष्ट याहून निराळी आहे. आयर्लंड, स्कॉटलंड वगैरे देशांच्या लोकसंगीतांत जी लहान हार्प वाजवितात, तिच्यावर आज प्रत्येक तारेस मानेपाशीं एक लहान खटका असतो. खटका लावला कीं तीच एक तार अर्ध्या स्वरानें चढते. मूळ तारा ई कोमल या स्वरघडींत मिळविल्या तर खटक्यांच्या योगें आठ स्वरघड्या मिळूं शकतात. पण येथें खटका पायानें नव्हे, हातानें लावावयाचा. आणि तो एका सप्तकापुरताच. म्हणून आरंभीं कोणती तार कशी मिळविली आहे याची नोंद द्यावी लागते, आणि मध्यें बदल करावयाचा असेल तर कोणत्या सप्तकांतील खटका, आणि त्यासाठीं डावा हात केव्हां मोकळा राहील, याचाहि विचार लिहितांना करावा लागतो. पेडलांची आकृति या हार्पच्या प्रतीवर छापली तर ती शोभेचीच ठरेल. वाद्य ओळखून खूण निवडावी लागते.

एवढें सर्व जमल्यावर शेवटीं एक नाजूक प्रश्न राहतो. रचनाकारानें प्रत्येक पेडल लिहावें काय? पुष्कळ हार्पवादकांचें म्हणणें असें कीं लिहूं नये. प्रत्येकाची बसण्याची ढब, पाय टाकण्याची संवय आणि आधीं तयारी करण्याची रीत निराळी असते. दुसऱ्यानें छापलेल्या खुणा खोडून त्यांवर आपल्या खुणा लिहिणें हें कोऱ्या जागेंत लिहिण्यापेक्षां कष्टाचें असतें. म्हणून आरंभींची जुळणी द्यावी, ग्लिसांडोची जुळणी निःसंदिग्ध द्यावी, स्वरांचीं नांवें हार्पला सोयीचीं होतील अशीं निवडावींत, आणि पेडलांच्या बदलांस पुरेसा वेळ रचनेंतच ठेवावा. बाकीचें वादकावर सोंपवावें, आणि त्याच्या पेन्सिलीसाठीं दोन ओळींच्या मध्यें थोडी जागा मोकळी सोडावी.

आतां कोणी म्हणेल, बदल छापावयाचेच नसतील तर संगणकावर ते नोंदविण्याची यातायात कशाला? तिचा उपयोग लिहिणारालाच आहे. रचना करतांना सातहि पेडलांचा हिशेब संगणकाकडून तपासून घ्यावा, प्रत्येक बदल कोणत्या पायाकडे जातो तें पाहावें, जेथें पाय अडेल तेथें स्वर बदलावा किंवा त्याचें नांव बदलावें. आणि सर्व निर्वेध झाल्यावर ज्या खुणा वादकाला नकोत त्या झांकून टाकाव्या. शिक्षक वर्गांत गणित घालण्यापूर्वीं तें स्वतः सोडवून पाहतो, पण फळ्यावर उत्तर लिहून ठेवीत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे. स्वतः न सोडविलेलें गणित वर्गाला घालणाऱ्या शिक्षकाची फजिती विद्यार्थी विसरत नाहींत.

तेव्हां यापुढें हार्पचा झोत रेडिओवर कानीं पडेल, तेव्हां श्रोत्यांनीं आपल्या जवळच्या कागदावरची ती आडवी रेघ आठवावी. त्या झोतापूर्वीं क्षणभर कोठेंतरी एक पाऊल वर गेलें होतें व एक खालीं आलें होतें. तें वेळेवर जावें म्हणून कोणीतरी सात लहान खुणा नीट लिहिल्या होत्या, किंवा कोणा वादकानें त्या रात्रीं बसून स्वतःच्या हातानें लिहून काढल्या होत्या.